परक्याची टोपी

१/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला महायुद्धांच्या तारखा पाठ असतात. त्या तारखांनी ज्यांची आयुष्ये उधळली, ती माणसे मात्र बहुधा तळटीपेत भेटतात. फ्रेड पेंटलंड मला तिथेच भेटला. आजचा धागा त्याच्याविषयी.

२/
जन्म १८८३, वुल्व्हरहॅम्प्टन. १९०९ मध्ये तो इंग्लंडकडून पाच सामने खेळला. १९१४ मध्ये जर्मनीच्या ऑलिंपिक संघाला शिकवायला गेला आणि लगेचच युद्ध पेटले. केवळ इंग्रज म्हणून त्याला बर्लिनजवळच्या रूलेबेन छावणीत डांबले गेले. ते मुळात घोड्यांच्या शर्यतीचे मैदान. कैदी तबेल्यांत राहत. तिथेही त्यांनी फुटबॉलचे सामने भरवले.

३/
सुटकेनंतर फ्रान्स, सांतांदेर आणि १९२२ मध्ये बिल्बाओचा अ‍ॅथलेटिक क्लब. चेंडू उंच भिरकावण्याऐवजी छोट्या पासांनी पुढे सरकण्याचा खेळ त्याने तिथे रुजवला. डोक्यावर सदैव गोल बोलर हॅट, म्हणून टोपणनाव ‘एल बोंबिन’. मोठा विजय मिळाला की खेळाडू ती हॅट हिसकावून पायांखाली तुडवत!

४/
मधली काही वर्षे अन्यत्र काढून तो १९२९ मध्ये परतला. १९३० आणि १९३१, दोन्ही वर्षी लीग व चषक बिल्बाओकडे. १९२९-३० च्या लीगमध्ये एकही पराभव नाही. १९३१ मध्ये बार्सिलोनावर १२-१ अशी मात. त्यांतले ७ गोल एकट्या बाताचे.

५/
माझ्या निबंधाच्या पहिल्या खर्ड्यात मी लिहिले होते, ‘इंग्रजांनी स्पेनला फुटबॉल शिकवला.’ पुढे ते वाक्य मी खोडले. हा क्लब केवळ बास्क खेळाडूंनाच खेळवत असे. ‘आपली माणसे’ इतक्या निष्ठेने जपणाऱ्यांनी शिकण्यासाठी मात्र परक्याला दार उघडले. गुरूचे नाव कर्त्याच्या जागी बसवले, की शिकणाऱ्यांचे कर्तृत्व वाक्यातूनच पुसले जाते. ते ७ गोल बाराकाल्दोच्या पोराने केले होते, इंग्लंडने नव्हे.

६/
१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी उसळली आणि पेंटलंडला तो देशही सोडावा लागला. जर्मनीने त्याला शत्रू म्हणून कोंडले होते. बिल्बाओ मात्र त्याला विसरले नाही. १९५९ मध्ये सान मामेस मैदानावर त्याचा सन्मान झाला. समोर चेल्सीचा संघ होता. १९६२ मध्ये तो निवर्तला.

७/
स्पेनमध्ये फुटबॉल प्रशिक्षकाला आजही ‘मिस्टर’ म्हणतात. त्या काळच्या इंग्रज प्रशिक्षकांची ही खूण. माणसे सीमेपार हाकलता येतात; भाषेत स्थिरावलेल्या शब्दाला हद्दपार करणे कोणत्याही युद्धाला जमलेले नाही.