अनेक घरांची एकच यादी

गावाकडचा माणूस मुंबईला गेला की त्याला राणीची बाग, महालक्ष्मी आणि चौपाटी दाखवतात. पण आपल्या गावचे बहुतेक चाकरमानी राहतात ते त्याच्या पुष्कळ पुढे, उपनगरांत. पश्चिमेच्या गाडीने पार्ले, अंधेरी, गोरेगाव, मालाड, बोरिवली अशी स्टेशने लागतात. मध्य रेल्वेने घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड. 2014 पासून अंधेरीहून घाटकोपरला मेट्रोनेही थेट जाता येते.

या उपनगरांतला संसार आपल्यापेक्षा वेगळा. इथे ना कणगी, ना परसातला शेवगा. मूठभर कोथिंबीर हवी तरी पिशवी घेऊन बाजार गाठायचा. पगार महिन्याच्या सुरुवातीला होतो. घरभाडे, शाळा, रेल्वेचा पास यांत तो निम्मा जातो. वीस तारीख उलटली की दुकानदाराची उधारीची वही उघडते. उधार घेणाऱ्याला भाव विचारता येत नाही आणि तूरडाळीत खडा निघाला तरी बोलता येत नाही.

ही अडचण जुनी आहे. 1972 च्या दुष्काळात आपली माणसे खडी फोडायला गेली, हे घरातल्या थोरांना आठवत असेल. त्याच काळात मुंबईत तेल, साखर, रवा मिळेनासा झाला. गोरेगावच्या मृणाल गोरे आणि त्यांच्याबरोबर अहिल्या रांगणेकर यांनी बायकांना एकत्र केले. हातात लाटणे आणि थाळी घेऊन गृहिणी रस्त्यावर उतरल्या. मोर्चाने सरकारला जाग आणता येते, पण चूल तर रोजच पेटवायची असते. म्हणून पुढचे पाऊल निराळे पडले. 1975 च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी तिचे संस्थापक. ‘गीतरामायणा’मुळे घरोघरी पोहोचलेले सुधीर फडकेही त्यांच्याबरोबर होते.

पंचायतीची रीत अगदी साधी आहे. शेजारपाजारची काही घरे मिळून एक संघ करतात. प्रत्येक घर आपली महिन्याची यादी आधी देते : तांदूळ इतका, डाळ इतकी, गूळ इतका. साऱ्या संघांच्या याद्यांची बेरीज होते आणि तेवढा माल घाऊक भावाने, जमेल तिथे थेट उत्पादकाकडून घेतला जातो. ठरल्या दिवशी माल संघाकडे येतो. मग सभासदच तो मोजून घेतात, वाटून देतात आणि हिशेब मिळवतात. या कामाचा मोठा भार बायकांनी उचलला आहे. अशी हजारो कुटुंबे आज या व्यवस्थेत आहेत.

स्वस्ताई येते कुठून? प्रत्येक गल्लीत दुकानाचे भाडे भरावे लागत नाही. मागणी आधीच कळल्यामुळे माल पडून राहत नाही, त्याला कीड लागत नाही. उधारी बुडाली म्हणून तिचा भार रोखीने घेणाऱ्यावर पडत नाही. आणि वाटपाची मजुरी सभासद आपल्या हातांनी फेडतात. म्हणून इथे कोणी दाता नाही आणि कोणी याचकही नाही. आज माल घेणारी बाई पुढच्या वाटपाला स्वतः मोजायला बसते. मिंधेपणा नसल्यामुळे तिला वजनाबद्दल हक्काने विचारता येते.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला महिन्याची यादी करणे जमत नाही. त्याच्यासाठी रेशनचे दुकान हवेच. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना 5 किलो धान्याचा हक्क दिला. 2023 च्या जानेवारीपासून ते मोफत मिळते. मात्र तेल, मीठ, मिरची, गूळ यांच्यासाठी उधारीची वही उरतेच. अशा घरांना सामावून घ्यायचे तर महिन्याऐवजी आठवड्याची यादी करावी आणि मजुरीच्या दिवशी थोडे थोडे पैसे जमा करून घ्यावेत. गावातले बचत गट हे करू शकतील.

शेतकरी बंधू-भगिनींनो, ही गोष्ट शहराची म्हणून सोडून देऊ नका. आपण तूर खळ्यावरून विकतो आणि आषाढात डाळ दुकानातून आणतो. विकताना भाव व्यापारी ठरवतो, घेताना दुकानदार. दोन्ही वेळा आपण एकेकटे असतो. तेव्हा दहा घरांनी एकत्र बसावे. सुरुवातीला तेल, साखर, चहा एवढ्या तीनच जिनसा घ्याव्यात. यादी लेखी असावी. माल सर्वांसमोर मोजावा. वाटपाची पाळी फिरती ठेवावी, म्हणजे कामाचा भार आणि संशय दोन्ही एकाच घरावर येत नाहीत. हिशेब त्याच दिवशी वाचून दाखवावा. आणि नात्यातल्या माणसालाही उधार देऊ नये, कारण असे काम बहुधा तिथेच मोडते.

तीन महिने हिशेब चोख राहिला, तर चौथ्या महिन्यात यादीत तूरडाळ घालावी. ती आपल्याच शिवारातली, आपल्याच गिरणीवर भरडलेली असली तर अधिक चांगले.