चौघांची सायकल आणि अर्धा किलो ग्रीस

पाऊस, आई, पहिलं प्रेम आणि 'कॉलेजचे ते सोनेरी दिवस' यांवर यंदाही संपादक मंडळाकडे भरपूर आलं असणार, म्हणून मी ग्रीसवर लिहितोय. ग्रीस म्हणजे तो युरोपातला देश नव्हे. बेअरिंगला लावतात ते. शर्टाला लागलं की मेसच्या वरणाच्या डागासारखं जन्मभर सोबत करतं ते.

हॉस्टेलमध्ये आमची एक माउंटन बाइक आहे हे बहुतेकांना माहीत आहे, कारण ती जिन्याखाली उभी असते आणि येता-जाता तिच्या हँडलला कुणाचा ना कुणाचा टॉवेल अडकतो. 'आमची' म्हणजे चौघांची. सेकंड इयरला वर्गणी काढून सेकंडहँड घेतली. तिला पुढे हवेवर चालणारा सस्पेन्शन फोर्क आहे, म्हणजे मोटरसायकलच्या शॉकअपचा नाजूक चुलतभाऊ. आणि सीटखाली ड्रॉपर पोस्ट आहे. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी: हँडलवरचा खटका दाबून वजन टाकलं की सीट खाली जाते, उठून पुन्हा खटका दाबला की वर येते. ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीसारखं. डोंगर उतरताना अंग मागे न्यावं लागतं, तेव्हा सीट मध्ये येऊ नये म्हणून ही सोय. मेस मॅनेजरना हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "एवढं करण्यापेक्षा उतरून चालत का नाही जात?" प्रश्न चुकीचा नाही.

चौघांपैकी एक रोह्याचा, एक पेणचा. त्यामुळे शनिवार-रविवार कधी अवचितगडाच्या पायथ्याच्या वाटा, तर कधी हेटवणे धरणाकडचा रस्ता असं चालायचं. पण गेला पावसाळा सरल्यावर सायकल पार आखडली. रायगडातला पाऊस, त्यात लाल चिखल, आणि पेणच्या खारेपाटातली खारी हवा. फोर्क लहान दगडांवर हलायचाच नाही, तळहात बधिर व्हायचे, आणि मोठा खड्डा आला की एकदम धपकन बसायचा. ड्रॉपर तर पेन्शनच्या रांगेतल्या आजोबांसारखा उठायचा. हळूहळू, मध्ये एकदा थांबून, श्वास घेऊन.

शहरातल्या एका दुकानात फोर्क आणि पोस्ट दोन्हींच्या सर्व्हिसिंगचा आकडा विचारला. तो ऐकून आमच्यातला पेणचा भिडू शांतपणे म्हणाला, "विकूया रे. माझा हिस्सा मला द्या." तो रागाने बोलला असता तर भांडता आलं असतं. पण त्याच्या घरी गणपतीचा कारखाना. वर्षभर माती, साचे, रंग, मजुरी यात पैसा ओतायचा आणि उत्पन्न एकदाच. त्यातही काही व्यापारी मूर्ती घेऊन जातात आणि पैसे दिवाळीपर्यंत लांबवतात. परीक्षेचा फॉर्म तोंडावर होता. आखडलेल्या सायकलीला किंमत काय येणार होती देव जाणे, पण तेवढ्याचीही त्याला गरज होती. मी म्हटलं, एक महिना दे. चालती झाली तर निदान किंमत तरी बरी येईल. तो बरं म्हणाला.

फोर्क उघडला. (उघडण्याआधी हवा पूर्ण सोडायची असते. न सोडता उघडणाऱ्यांनी हा लेख पुढे वाचू नये, त्यांना वेळ मिळणार नाही.) आत आधीच्या मालकाची कृपा दिसली. ट्रकच्या चॅसिसला मारतात तसलं काळं घट्ट ग्रीस सीलच्या मागे ठासून भरलेलं. स्पंजच्या ज्या रिंगा तेल पिऊन नळ्या ओल्या ठेवतात, त्याही त्याच काळ्या लगद्याने भरल्या होत्या. रोग कळला. आता औषध.

या कामासाठी स्रॅम कंपनीचं 'बटर' नावाचं ग्रीस मिळतं. लोण्यासारखंच मऊ. २९ मिलीलीटरची डबी येते आणि तिची किंमत ऐकून आमचं तोंड तुपासारखं गोठलं. सायकलवाल्यांमध्ये असं पक्कं बोललं जातं की अमेरिकेतलं 'स्लिकोलियम' नावाचं ग्रीसच छोट्या डब्यांत भरून असं विकलं जातं. असेल. पण तेही इकडे पेणच्या बाजारात कोण ठेवणार?

इथे थोडी थिअरी, व्हायवाला उपयोगी पडेल. ग्रीस म्हणजे घट्ट तेल नव्हे. तेल साबणात धरून ठेवलेलं असतं, स्पंजमध्ये पाणी धरावं तसं, आणि दाब आला की थोडं थोडं बाहेर येतं. आज सगळ्यात जास्त चालणारा साबण लिथियमचा. त्याचं पेटंट अमेरिकेत क्लॅरेन्स अर्ल यांनी १९४२ साली घेतलं. त्यासाठी लागणारं १२-हायड्रॉक्सीस्टिअरिक ॲसिड येतं एरंडेल तेलापासून, आणि जगातला सर्वाधिक एरंड आपल्या शेजारी गुजरातेत पिकतो. लहानपणी आजीने नाक दाबून पाजलेलं एरंडेल शेवटी बेअरिंगमध्ये जातं, हे कळल्यावर माझा आजीवरचा राग बराच कमी झाला. ग्रीसचा घट्टपणा एनएलजीआय नंबरने मोजतात. २५ अंश तापमानाला ग्रीसमध्ये ठरावीक वजनाचा शंकू पाच सेकंद सोडायचा आणि तो किती रुतला ते मिलीमीटरच्या दहाव्या भागात वाचायचं. २ नंबरमध्ये २६५ ते २९५, ३ नंबरमध्ये २२० ते २५०, १ नंबरमध्ये ३१० ते ३४०. नंबर चढला की ग्रीस घट्ट.

पेणच्या बाजारात स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवरचे काका म्हणाले, "कंचा ग्रीस पायजे? एपी-थ्री हाय." म्हटलं, त्याहून पातळ? "पातळ ग्रीस कशाला पायजे? पातळ पायजे तर तेल घे ना." लॉजिक बिनतोड होतं. एपी-थ्रीतला थ्री म्हणजे एनएलजीआय ३, चाकाच्या बेअरिंगला उत्तम. फोर्कच्या सीलला ते लावलं तर हलायला सुरुवात करतानाच जोर खातं. शिवाय जास्त झालं तर हवेच्या नळीत जो बारीक खळगा दोन बाजूंचा दाब सारखा करतो तो बुजतो, आणि मग फोर्क अर्ध्यावरच बसून राहतो. तरीही अर्धा किलोचा डबा घेतला, कारण तीनशेच्या आत दुसरं काही नव्हतं. शेजारी आरओ फिल्टर बसवणारा दादा भेटला. त्याच्याकडे ओ-रिंगला लावायच्या सिलिकॉन ग्रीसची चिमुकली ट्यूब होती. रबराला ते छान, पण जिथे धातू धातूवर घासतो तिथे त्याचा थर टिकत नाही. एक ट्यूब घेऊन ठेवली.

मग पेणहून मेमू पकडून कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला. तिथल्या मित्राचे मामा धाटावच्या एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर आहेत. आम्ही लाडात येऊन म्हटलं, "मामा, कंपनीत पातळ ग्रीस असतं ना, एक डबीभर..." मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "डबीभर नाय आणि बोटभर पण नाय. वीस वर्षं झाली मला तिथे." विषय संपला. पण मग त्यांनी अर्धा तास जे शिकवलं ते आमच्या ट्रायबॉलॉजीच्या चॅप्टरमध्ये नाही. मशीनला पाइपातून आपोआप ग्रीस पुरवायचं असेल तर ० किंवा ०० नंबरचं वापरतात, ते बाहेर मिळतं, पण अठरा किलोच्या बादलीत. मोलिब्डेनम किंवा ग्रॅफाइटचं काळं ग्रीस असल्या बारीक सीलजवळ न्यायचं नाही. आणि दोन वेगळ्या साबणांची ग्रीस एकत्र करायची नाहीत, कधीकधी फाटतात, दूध फाटतं तशी. शेवटी म्हणाले, "सायकलचं हाय ना? मग सायकलवाल्याला विचारा की."

ही गोष्ट आमच्यासारख्या चार भावी इंजिनिअरांना सुचली नव्हती, कारण ड्रॉपर पोस्ट गावच्या सायकलवाल्याने बघितलेला नसणार. रोह्यातल्या त्या काकांनी खरंच बघितलेला नव्हता. चार-पाच वेळा सीट खालीवर करून घेतली, हसले, आणि मग बोटावर आमचं एपी-थ्री घेऊन चोळलं. "हे एवढं घट्ट फ्रीव्हीलला घातलं तर कुत्ते चिकटतात." फ्रीव्हीलच्या आत जे दोन छोटे खटके दात पकडतात त्यांना सायकलवाले कुत्ते म्हणतात. ते चिकटले की पायडल रिकामं फिरतं. "मग तुम्ही काय करता?" "काय करणार? तेलात मऊ करतो." फळीवरून एक ताटली काढून दाखवली. ग्रीस आणि मशीनचं तेल, बोटाने फेटलेलं, श्रीखंडासारखं. किती वर्षं करताय विचारलं तर म्हणाले, दुकान आहे तेव्हापासून.

म्हणजे औषध एपी-थ्रीच, फक्त पातळ करून. आम्ही मशीनच्या तेलाऐवजी मोटरसायकलच्या शॉकअपमध्ये घालतात ते फोर्क ऑइल घेतलं, कारण आमच्या फोर्कमध्येही शेवटी तसलंच तेल असतं. स्टीलच्या वाटीत चमच्याने थोडं थोडं घालत फेटलं. पण किती पातळ? एका मित्राकडे परदेशी बटरची तळाला गेलेली डबी होती, त्यातलं चमचाभर मागून आणलं. सिव्हिलच्या सॉइल लॅबमध्ये मातीचा लिक्विड लिमिट काढायचं शंकूचं यंत्र आहे. ते ग्रीससाठी नाही, त्यामुळे त्यावरून एनएलजीआय नंबर निघत नाही. पण तीन वाट्या शेजारी ठेवून एकच शंकू तिन्हींत सोडला तर कोण कुणासारखं आहे एवढं तरी कळतं. लॅब असिस्टंट काकांनी परवानगी दिली ती एका अटीवर, की शंकू रॉकेलने पुसून, साबणाने धुऊन, त्यांच्या नाकाखाली धरून दाखवायचा. चौथ्या मिश्रणाला शंकू बटरइतकाच रुतला. वासात फरक पडला तेवढाच.

रबराचा प्रश्न उरला. पेणहून आणलेल्या नायट्राइलच्या दोन ओ-रिंगा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा, तिघांना सात दिवस त्या मिश्रणात बुडवून ठेवलं. व्हर्नियरने आधी आणि नंतर मोजलं. ओ-रिंगा होत्या तशा. ट्यूबचा तुकडा फुगून मऊ पडला, कारण तो ब्युटाइल रबराचा आणि खनिज तेल त्याला पचत नाही. फोर्कची सील साधारण नायट्राइलची असतात, म्हणून जिवात जीव आला. ट्यूब बघून रूमवरचे म्हणाले, मेसचं वडासांबार पण असंच फुगतं.

मग काम एका दुपारचं. जुना काळा लगदा पुसून काढला, स्पंजच्या रिंगा धुऊन फोर्क ऑइलमध्ये भिजवल्या, सीलच्या दोन ओठांच्या मधल्या खाचेत बोटाने पातळ ग्रीस भरलं. हवेच्या बाजूच्या ओ-रिंगांना आरओवाल्या दादाचं सिलिकॉन, अगदी पुसटसं. ड्रॉपरचं सीलबंद काडतूस उघडलं नाही, ते उघडायचं नसतंच. फक्त वरची कॉलर काढून बुशिंग आणि पितळेच्या बारीक पट्ट्या साफ करून तेच मिश्रण लावलं. सगळं मिळून एक मोठा चमचा ग्रीस लागलं. सीट आता खटका दाबल्याबरोबर ठक्क करून वर येते. पहिल्यांदा आली तेव्हा पेणचा भिडू काही बोलला नाही, पण त्याने सात-आठ वेळा दाबून बघितली.

याच्या मर्यादा आहेत. मिश्रण महिनाभर ठेवलं की वर तेल सुटतं, म्हणून लागेल तेवढंच फेटायचं. पावसाळ्यात परदेशी ग्रीसच्या निम्म्या दिवसांतच पुन्हा उघडावं लागेल असा माझा अंदाज आहे. गॅरंटीतला नवा महागडा फोर्क असेल तर त्यात असले प्रयोग करू नका, कंपनी सांगेल तेच घाला.

आता हिशेब. अर्ध्या किलोतलं चमचाभर वापरलं, म्हणजे डबा भरलेलाच. तेव्हा आसपासचे सायकलवाले रविवारी आमच्याकडे येऊ लागले. नळ्या पुसून ग्रीस भरून देण्याचे दीडशे रुपये घेतो. ते सगळे पेणच्या भिडूच्या वहीत जातात. परीक्षेचा फॉर्म त्यातून भरला गेला, हिस्स्याची निम्मी रक्कम त्याला पोचली आहे. विकायचं अजून ठरलेलं आहे की नाही हे त्याला विचारायचं आम्ही तिघं टाळतो, आणि तोही सांगत नाही. मात्र गेल्या रविवारी दोन फोर्क त्याने एकट्याने उघडले.

रोह्याच्या काकांना आम्ही फोर्क ऑइलवाल्या मिश्रणाची एक डबी नेऊन दिली. फ्रीव्हीलला बरं आहे म्हणाले, पण त्यांचं मशीनच्या तेलाचंच स्वस्त पडतं.

कुणाला सर्व्हिस करून घ्यायची असेल तर रविवारी सकाळी दहानंतर या. येताना पुसायला जुने बनियन घेऊन या, आमचे संपले.