बारा मुलींची यादी

चार वर्षांपूर्वी कॉलेजच्या क्रीडा संचालक सरांनी मला स्टाफरूममध्ये गाठलं. "मॅडम, मुलींची बास्केटबॉल टीम आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला न्यायचीय. सोबत लेडी स्टाफ लागतो. याल का?" मी ज्युनियर कॉलेजला उर्दू आणि मराठी शिकवते. बास्केटबॉलमधलं मला एवढंच ठाऊक होतं, की चेंडू वरच्या जाळीत टाकायचा. तरी हो म्हटलं.

आमच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. त्या वर्षी स्पर्धा धुळ्याला होती. आम्ही सात मुली नेल्या. मैदानावर पाचच खेळतात, म्हणजे दोन जास्त, असा माझा हिशेब. पण दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, आणि पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. एकीच्या पोटरीत गोळा आला, मग दोघी फाउलवर गेल्या. शेवटची सहा मिनिटं आमच्या चौघी त्यांच्या पाच जणींशी खेळल्या. किती गुणांनी हरलो ते लिहीत नाही.

परतताना एस.टी.त सर म्हणाले, "मॅडम, अजिंक्यपद पाच जणींवर मिळत नाही, बारा लागतात." चेंडू पुढे नेणारी एक, तर तिच्या जागी उतरेल अशी दुसरी. रिंगखाली उभी राहणारी उंच एक, तर ती बाहेर गेल्यावर दुसरी. पारोळा, एरंडोल मागे पडेपर्यंत त्यांनी वहीच्या मागच्या पानावर बारा रकाने आखले होते. सात भरले. पाच रिकामे राहिले.

अमेरिकेत हल्ली कॉलेजचे खेळाडू पोर्टलवर नाव नोंदवून एका कॉलेजातून दुसऱ्यात जातात आणि प्रशिक्षक तिथून टीम भरतात. आमचे रकाने माझ्या अकरावीच्या वर्गातूनच भरायचे होते. ज्युनियरला दोन वर्षं सराव, मग पदवीची तीन वर्षं खेळ. मुलगी टिकली तर. एक उंच मुलगी घरच्या केळीच्या बागेत राबायची, तिच्यासाठी सराव पहाटे ठेवला. एकीकडे बुटांचे पैसे नव्हते. आणि आमच्या मोहल्ल्यातल्या घरांत प्रश्न दोनच: कपडे कुठले घालणार, आणि परत किती वाजता येणार?

पहिल्याचं उत्तर सापडलं. बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, फिबाने, 2017 साली डोकं झाकून खेळायला परवानगी दिली. त्यासाठी झगडणाऱ्यांत बिल्किस अब्दुल-कादिर होती. 1891 साली हा खेळ ज्या स्प्रिंगफील्ड शहरात जन्मला, तिथलीच ही मुलगी. चेहरा उघडा हवा, पिन चालत नाही, रंगाचाही नियम आहे. त्या नियमाची प्रिंट मी पर्समध्ये ठेवली. घरोघरी दाखवली, एकदा पंचांनाही दाखवावी लागली. मुंबईच्या नागपाड्यातून गुलाम अब्बास मुनतसीर भारताचे कर्णधार झाले, 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, हेही सांगायचे. "वो मर्द थे, मॅडम," एका अम्मीने ऐकवलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरा प्रश्न अवघड होता. आमची सगळ्यात हुशार गार्ड मेहरूणची. अब्बांचं गॅरेज. ते म्हणाले, "जिम्मेदारी आपकी?" मी हो म्हटलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. दहावीत असताना मला कबड्डीच्या तालुका स्पर्धेला जाऊ दिलं नव्हतं. तेव्हा माझी जबाबदारी घ्यायला कुणी पुढे आलं नव्हतं.

गेल्या वर्षी बारा रकाने भरले. पुन्हा धुळे. या वेळी अंतिम सामना. दोघी फाउलवर गेल्या, त्यांच्या जागी दोघी उतरल्या आणि खेळ मोडला नाही. तरी तीन गुणांनी हरलो. सामना लांबला, बस उशिरा मिळाली. बांभोरीचा पूल ओलांडला तेव्हा रात्रीचे साडेनऊ. मगरिबच्या आत आणते असं मी सांगितलं होतं. स्टँडवर अब्बा उभे. मी सफाई द्यायला लागले, तर ते लेकीला विचारत होते, "कितने से हारे?"

"तीन से."

"तीन तो कुछ भी नहीं," म्हणाले आणि तिची बॅग खांद्याला लावली.

गेल्या महिन्यात ते कॉलेजात आले. मुलीचा रिश्ता ठरलाय. ती आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझं मन खट्टू झालं. पदवी होऊ द्या, मी म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं, हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. उठता उठता विचारलं, "मॅडम, टूर्नामेंट की तारीख आ गई क्या? निकाह उसके बाद रखेंगे."

एवढं तरी मिळालं. मी वहीत तिचं नाव तसंच ठेवलंय, आणि शेजारच्या रकान्यात तिच्या हाताखाली शिकणारी पहिल्या वर्षाची मुलगी लिहिलीय. विद्यापीठाचं परिपत्रक अजून आलेलं नाही. रोज सकाळी सरांना विचारते.