दीर्घसूत्री घर

चालढकल करणाऱ्या मनुष्यास संस्कृतांत ‘दीर्घसूत्री’ असा एक मोठा चित्रमय शब्द आहे. ज्याचा दोरा लांबच लांब चालतो आणि संपत म्हणून नाहीं, तो दीर्घसूत्री. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायांत तामस कर्त्याचीं लक्षणें सांगतांना हा शब्द आला आहे. आणि शांतिपर्वांतील तीन माशांच्या कथेंत जो मासा जाळ्यांत सांपडून प्राणास मुकतो, त्याचें नांवच मुळीं दीर्घसूत्र असें आहे. कोशांत पाहूं गेल्यास या शब्दाचा अर्थ मंद, आळशी असा मिळतो. परंतु घराच्या आवराआवरीपुरता हा अर्थ पुरा पडत नाहीं, असें माझें मत आहे. आमच्याच घराचें उदाहरण घ्या. आमच्या थोरल्या वहिनी बहात्तराव्या वर्षींहि पहाटे पांचास उठतात; सूनबाई नोकरी सांभाळून दोन्ही वेळचा स्वयंपाक पाहते. घरांत आळशी असें कोणी नाहीं. आणि तरीहि आमच्या वाईच्या वाड्यांतील तळमजल्यावरची कोठीची खोली वीस वर्षें कोणीं आवरली नव्हती.

या खोलींत पूर्वीं धान्याचीं पोतीं असत. पुढें पोतीं गेलीं आणि त्यांच्या जागीं काय काय आलें याची गणती करणें कठीण. पाळणा, एक पाय मोडलेलें टेबल, अमेरिकेंत गेलेल्या पुतण्याच्या अभियांत्रिकीच्या वह्या, बंद पडलेले दोन मिक्सर, दूरचित्रवाणीचा जुना पेटीवजा संच, मोबाईलचीं रिकामीं खोकीं (तीं कां जपावयाचीं असतात हें मला अद्याप उमगलेलें नाहीं), वडिलांच्या पोथ्यांचें कपाट, आईची हिरवी ट्रंक, आणि या सर्वांच्या मध्यभागीं एखाद्या संस्थानिकाप्रमाणें बसलेला पितळी बंब.

दर दिवाळीस ही खोली झाडली जात असे. अलक्ष्मीस बाहेर घालविण्यासाठीं नवी केरसुणी आणावयाची, तिला हळदकुंकू वाहावयाचें, हें सर्व यथासांग होई. परंतु झाडणें निराळें आणि आवरणें निराळें. झाडतांना वस्तु उचलावयाची, खालची धूळ काढावयाची आणि वस्तु पुनः तेथेंच ठेवावयाची. आवरतांना मात्र प्रत्येक वस्तूविषयीं कांहीं तरी ठरवावें लागतें. आणि एकत्र कुटुंबांत ठरविणें हेंच तर अवघड! वस्तु सर्वांची, म्हणून कोणाचीच नाहीं. पाळणा काढूं म्हणावें तर धाकटी जाऊ मनांत काय आणील? वह्या रद्दींत द्याव्या तर पुतण्या परक्या देशांत; त्यास न विचारतां कशा द्यावयाच्या? आईच्या ट्रंकेस हात लावावयाचा तर तिला जाऊन कितीहि वर्षें झालेलीं असोत, हात आपोआप मागें येतो. ज्यास आपण चालढकल म्हणतों ती पुष्कळदां संकोचाची आणि मायेची गुंतवळ असते, आणि ‘पाहूं पुढें’ या दोन शब्दांत ती झांकली जाते. वास्तु तथास्तु म्हणते अशी आपल्याकडे समजूत आहे. घरांतील दहा माणसें रोज ‘पाहूं पुढें’ म्हणत असतां तिनें तरी दुसरें काय करावें? देवावर वाहिलेलें फूल दुसऱ्या दिवशीं निर्माल्य म्हणून आपण निःशंकपणें काढतों. बंद पडलेल्या मिक्सरास मात्र तो न्याय नाहीं.

दुसरेंहि एक कारण आहे. श्राद्धास तिथि असते, व्रतास तिथि असते, म्हणून तीं होतात. आवरण्यास तिथि नाहीं. आमच्या कोठीस ती मिळाली सन २०२४ च्या ज्येष्ठांत, आणि ती ज्या रीतीनें मिळाली तशी कोणाच्याहि घरीं मिळूं नये.

आमचे थोरले बंधू, ज्यांस सारें घर दादा म्हणतें, अंगणांत पाय घसरून पडले. वय शहात्तर. खुब्याचें हाड मोडलें, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनीं सांगितलें कीं, नवव्या दिवशीं घरीं न्या. परंतु जिना चढावयाचा नाहीं, खोली संडासाजवळ हवी, आणि चालण्याचा आधार घेऊन सर्व बाजूंनीं फिरतां येईल इतकी जमीन मोकळी हवी. गालिचा नको, वायर नको, पायांत येईल अशी कोणतीहि वस्तु नको. कारण दुसऱ्यांदां पडणें परवडावयाचें नाहीं. तळमजल्यावर अशी एकच खोली होती.

घरांतील तरुण मंडळींचें म्हणणें, एक रविवार सर्वांनीं मिळून लागावें. मास्तरकीच्या अनुभवानें मला ठाऊक होतें कीं, वार्षिक परीक्षेच्या आदल्या रात्रीं सर्व पुस्तक वाचूं म्हणणारा मुलगा तिसऱ्या पानावरच झोंपतो. म्हणून शाळेप्रमाणें चाळीस मिनिटांचे तास धरले. सकाळीं दोन, सायंकाळीं एक. तास सुरू होतांना आणि संपतांना नातू ताट वाजवी. तास संपला कीं हातांतली वस्तु तिच्या ढिगांत टाकून उठावयाचें, मग उत्साह कितीहि असो. ढीग तीन योजले होते: ठेवावयाचा, द्यावयाचा आणि टाकावयाचा. पहिल्याच दिवशीं चवथा उत्पन्न झाला, तो ‘विचारावयाचा’. आणि पाहतां पाहतां तोच सर्वांत मोठा झाला. वीस वर्षें खोली कां अडली होती तें त्या ढिगाकडे पाहून लहान मुलासहि कळलें असतें.

मग रोज रात्रीं जेवणानंतर तेवढाच ढीग पुढें घेऊं लागलों. अमेरिकेंतील पुतण्यास फोनवर समोरासमोर वह्या दाखविल्या. तो हंसून म्हणाला, “काका, अजून ठेवल्या आहेत होय? द्या कीं रद्दींत!” चवदा वर्षें जपलेल्या वह्यांचा निकाल दोन मिनिटांत लागला. उलट, मोडकें टेबल जळणांत घालावें असें सर्वांस वाटत होतें, तों वहिनी हळूच म्हणाल्या, “भावजी, तें माझ्या माहेरचें आहे.” इतक्या वर्षांत ही गोष्ट त्या बोलल्या नव्हत्या, कारण त्यांना कोणीं विचारलेंच नव्हतें. सुतारानें पाय बसवून दिला. आतां त्यावर दादांचीं औषधें असतात. बंब मोडींत घालण्याविषयीं मुलांचा फार आग्रह, पण वहिनींनीं निक्षून सांगितलें, “ह्यांना विचारल्यावांचून त्याला हात लावायचा नाहीं.” बंब पडवींत गेला.

सर्वच गोष्टी मात्र विचारून सुटण्यासारख्या नव्हत्या. पोथ्यांचें कपाट भिंतीस लागून होतें. वरच्या कप्प्यांतील बासनें, तांबड्या फडक्यांत वेखंड घालून वडिलांनीं बांधलीं होतीं तशींच होतीं. खालचा कप्पा वाळवीनें भिंतींतून येऊन आंतून पोखरला होता. फडकें सोडतांच पानांची माती झाली. इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडून लोकांच्या घरांतील दप्तरें गोळा करीत. १८९८ सालीं त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड निघाला. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ सालीं स्थापन झालें. अशा ठिकाणीं आज जें सुरक्षित आहे, त्यांतील पुष्कळसें कोणाच्या ना कोणाच्या कोठींतून वाळवीच्या आधीं बाहेर पडलेलें आहे. उरलेलीं बासनें आम्हीं सावलींत वारा देऊन (जुन्या कागदास कडक ऊन सोसत नाहीं) भिंतीपासून वीतभर दूर, विटांवर ठेवलेल्या लोखंडी पेटींत घातलीं आहेत.

आईच्या ट्रंकेंत आत्याचें बँकेचें पुस्तक निघालें. आत्या २००९ सालीं वारली. शेवटची नोंद त्याच्या आदल्या वर्षाची. दहा वर्षें ज्या ठेवीस कोणीं हात लावला नाहीं ती रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या योजनेनें एका स्वतंत्र निधींत जाते. बुडत मात्र नाहीं, वारसांनीं मूळ बँकेकडे मागितल्यास परत मिळते. अशा ठेवी शोधण्यासाठीं रिझर्व्ह बँकेनें २०२३ मध्यें ‘उद्गम’ नांवाची संगणकीय सोय केली आहे. ज्यांच्या घरीं अशीं जुनीं पुस्तकें असतील त्यांनीं अवश्य पाहावें.

नवव्या दिवशीं दादा आले. खोलींत पलंग, टेबल आणि खुर्ची यांपलीकडे कांहीं नव्हतें. पलंगावर टेंकल्यावर त्यांनीं चोहोंकडे पाहिलें आणि पहिला प्रश्न केला, “बंब कोठें आहे?”

माळ्यावरचीं खोकीं अद्याप राहिलीं होतीं. दादांस वर जातां येत नाहीं, म्हणून दर शनिवारीं एक खोकें त्यांच्यापुढें आणतों. ते एकेक वस्तु हातांत घेऊन कोणाची, कोठून आली, तें सांगतात. मी वहींत लिहितों. मग ती कोठें जावयाची तें ठरतें. एकंदर सदतीस खोकीं, त्यांतील एकोणतीस झालीं. मागल्या शनिवारीं निघालेल्या फोटोंत नऊवारींतील एक बाई धाकट्या दादांस कडेवर घेऊन उभी आहे. वहिनींना ती ठाऊक नव्हती, मलाहि नव्हती. दादांनीं चष्मा पुसून क्षणभर पाहिलें आणि नांव सांगितलें. मीं तें फोटोच्या मागें पेन्सिलीनें लिहून ठेविलें आहे.