चांदरातीनंतरची चादर

रमजानच्या विसाव्या रोज्याला सूर्य मावळायच्या आत आमच्या घरात एक खोली वाढते. खोली कसली, खिडकीजवळचा कोपरा. दोन खिळ्यांना दोरी, दोरीवर चादर, आत जानमाज, कुरआन, तस्बीह. सासूबाई तिथं एतेकाफला बसतात. पुरुष त्यासाठी मशिदीत जातात; आम्हा हनफींमध्ये बायका घरीच जागा ठरवून बसतात. ईदचा चांद दिसेपर्यंत त्यांना कामासाठी कुणी हाक मारत नाही. मुलंसुद्धा दबक्या पावलांनी जातात.

एरवी दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं. मी उर्दू आणि मराठी शिकवते. वह्या तपासत असले तर कुणी त्रास देत नाही, कारण ते काम. पुस्तक उघडलं की मात्र मी रिकामी दिसते आणि कुणाला तरी चहा हवा असतो. गावात वाचन मंदिर आहे, पण शाळा सुटली की पाय घराकडेच वळतात. बाबासाहेबांनी दादरला पुस्तकांसाठी राजगृह बांधलं. मला चार फूट पुरले असते.

गेल्या चांदरातीला चादर काढायला गेले आणि हात थांबला.

"अम्मी, इसे रहने दूं? पढने के लिए."

"रहने दे, बेटी. अच्छी बात है."

आमच्याकडे नमाजही पढतात, कुरआनही पढतात आणि पुस्तकही पढतात. अम्मींनी कुठलं धरलं ते मला कळलं होतं. मी खुलासा केला नाही.

दोन महिने त्या चादरीआड मराठी कादंबऱ्या वाचल्या. शांतता म्हणाल तर नाही. भिंतीपलीकडे लूम आहेत, रात्रंदिवस खटखट. पण त्या आवाजाचं आम्हाला काही वाटत नाही, तो थांबला तरच दचकायला होतं. तसंच झालं. एका दुपारी लाइट गेली, लूम थांबले, आणि त्या शांततेत मी एका वाक्यावर मोठ्यानं हसले.

चादर बाजूला झाली. अम्मींनी माझ्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या पुस्तकाकडे. त्यांना मराठी वाचता येत नाही, पण मुखपृष्ठावरची बैलगाडी दिसत होती.

मी काही बोलायच्या आत चादर पुन्हा पडली. बाहेर धाकटा मला शोधत आला होता.

"अभी नहीं," अम्मी म्हणाल्या. "अम्मी पढ रही है."