पातीवरचा थेंब

अळवावरचं पाणी म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पण पाणी कांद्याच्या पातीवरही ठरत नाही, त्याची मात्र म्हण झाली नाही. म्हणी कांदा खाणाऱ्यांनी केल्या असाव्यात, पिकवणाऱ्यांनी नव्हे!

कुर्डुवाडीजवळ आमच्या मामांचं रान आहे. करपा आला की फवारणी आलीच. नुसत्या पाण्यात कालवलेलं औषध पातीवर पडलं की त्याचे मोती होतात आणि घरंगळून मातीत. मामा म्हणतात, "औषध रानाला, रोग पातीला आन् बिल आपल्याला." म्हणून पंपात स्टिकर घालतात. ही बाटली रोग मारत नाही, फक्त थेंबाला पसरायला लावते.

पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात. पान त्यांना जास्त ओढत असेल तर थेंब पसरतो, नाहीतर गोळा होऊन बसतो. थेंबाची कड पानाशी जो कोन करते त्यावरून हे मोजतात. टॉमस यंगने १८०५ मध्ये ते मांडलं. पाण्याचा पृष्ठताण साधारण ७२ मिलीन्यूटन प्रति मीटर; सिलिकॉनवाला स्टिकर तो २०-२२ वर आणतो. पातीवर मेणाचा थर असतो, अळवावर तर मेणासोबत बारीक उंचवटे आणि त्यांत अडकलेली हवा. बार्थलॉट आणि नाइनहाउस यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की अशा पानांवरून घरंगळणारा थेंब धूळही घेऊन जातो. त्यांनी तपासलेल्या पानांत कमळाबरोबर आपलं अळूही होतं. (वाचून उगाच अभिमान वाटला.)

घरी करून बघा. पातीच्या कांद्याची एक पात बोटाने चोळून चकचकीत करा, दुसरी तशीच ठेवा. दोन्हींवर थेंब सोडा.

खरी गंमत पुढे आहे. करप्याच्या बुरशीला रुजायला ओली पात लागते. म्हणजे पाणी झटकणारं मेण हे कांद्याचं स्वतःचंच औषध, आणि आपलं औषध बसावं म्हणून आपण त्यावरच मात करतो! शिवाय स्टिकर जास्त झाला तर थर इतका पातळ होतो की सगळं ओघळून जातं, पुन्हा मातीतच. दुकानदार सांगतो, "घाला थोडा जास्त." मामा बाटलीवरचं प्रमाण वाचतात, झाकणाने मोजतात आणि पातीच्या टोकाला थेंब लोंबायच्या आत पुढच्या वाफ्याला जातात.