थोटीचं गाव

स्पेनमधल्या मालागात कॅथीड्रलला सगळे ‘ला मंकीता’ म्हणतात. मंकीता म्हणजे थोटी. पण त्या ‘ईता’त लाड आहे, आपण घरातल्या धाकट्या लेकीच्या नावापुढे ‘ऊ’ लावतो, तसा. १५२८मध्ये बांधायला घेतलेल्या या कॅथीड्रलचं काम १७८२मध्ये थांबलं. उत्तरेचा मनोरा ८४ मीटर उंच गेला. दक्षिणेचा मात्र खांबांची बुडखं आभाळाकडे करून तसाच राहिला. त्याचे पैसे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला गेले, असं गावात अभिमानानं सांगतात. रस्त्यांच्या कामाला लागले, असंही म्हणतात.

मी त्या अर्ध्या मनोऱ्याकडे बराच वेळ पाहत उभी होते. पुऱ्या मनोऱ्याकडे नजर टिकेना.

तिथून थोडं चाललं की रोमन नाट्यगृह लागतं. ऑगस्टस सम्राटाच्या काळातलं. टेकडीच्या पायथ्याला कोरल्यासारख्या त्याच्या पायऱ्या शतकानुशतकं मातीखाली गुडुप होत्या. १९५१मध्ये तिथं बाग करायला जमीन उकरली, तेव्हा त्या हाती लागल्या. संध्याकाळी लोक समोरच्या कठड्यावर पाय सोडून बसतात, गप्पा मारतात, आइस्क्रीम खातात. दोन हजार वर्षांच्या दगडांची त्यांना सवय झालेली आहे.

नाट्यगृहाच्या अगदी डोक्यावर अल्काझाबा, अकराव्या शतकातला मुस्लीम राजांचा किल्ला. हे नाव ऐकून मी चमकले. अरबी ‘अल्-कसबा’ हेच त्याचं मूळ, आणि आपला ‘कसबा’ही तिथूनच आला. वळणावळणाचा चढ चढताना दरवाज्यांपाशी संगमरवरी खांब दिसतात, ते खालच्या नाट्यगृहातून उचलून आणलेले रोमन खांब. नव्या राजानं जुन्याचं सामान वापरलं. वर अंगणात पाण्याचे अरुंद पाट वाहतात, जाईच्या वेली आहेत, आणि भिंतीपलीकडे बंदर. इथली शांतता मला सुखाची वाटली, पण निर्धास्त वाटली नाही. १४८७च्या उन्हाळ्यात, महिनोन्‌महिन्यांच्या वेढ्यानंतर, फर्डिनंड आणि इसाबेला या ख्रिस्ती राजा-राणीच्या सैन्यानं हे शहर घेतलं आणि बहुतेक रहिवाशांना गुलाम म्हणून विकलं. मोठ्या मशिदीच्या जागी कॅथीड्रल उभं राहिलं. तिच्या आवाराची आठवण म्हणून संत्र्यांच्या झाडांचं एक अंगण तेवढं उरलं आहे. आपण ज्या झाडाखाली सावलीला थांबतो, तिथं कुणी वजू करून नमाजाला जात असेल, हे माझ्या मनातून जाईना.

पिकासोचं जन्मघर जवळच्याच चौकात आहे. तिथं गर्दी होती. मी पाहून पुढे निघाले.

दिवस कलताना वरच्या हिब्राल्फारो किल्ल्याच्या तटावर गेले. खाली बुलफाइटचं गोल मैदान, बंदरातली जहाजं, निळं-राखाडी पाणी. आणि छपरांच्या मधोमध ती, एक हात वर केलेली. दुसरा मनोरा पुरा करावा, अशी मागणी अधूनमधून उठते. माझं म्हणणं, करू नये. ज्या गावानं आपल्या उणिवेला लाडाचं नाव दिलं, त्या गावाकडून ती हिरावून घेऊ नये.

उतरताना कोपऱ्यावर एकजण बिझनागा विकत होता. वाळलेल्या काटेरी रोपाच्या एकेका काडीवर जाईची कळी खोवून केलेला हा पांढरा गेंद. कळ्या दुपारी खोवतात, अंधार पडला की त्या उमलतात. मालागाला गेलात, तर रात्रीपर्यंत थांबा.